हिवाळ्यातच आपल्या शहरांची हवा का बिघडते? भूगोलाचा वाटा किती आणि आपला किती?

प्रश्नकर्ता (सिडको, छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. वडिलांना दम्याचा त्रास असल्यामुळे आमच्या घरात हवेच्या गुणवत्तेचे आकडे नियमितपणे पाहिले जातात, आणि त्यातूनच हा प्रश्न पडला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक बहुतेक दिवस ‘चांगली’ किंवा ‘समाधानकारक’ या श्रेणीत असतो. दिवाळीच्या आसपास तो चढू लागतो आणि डिसेंबर-जानेवारीत चढलेलाच राहतो. फटाक्यांचे कारण दिवाळीच्या चार दिवसांपुरते पटते, परंतु मार्गशीर्ष-पौषात फटाके नसतात. वाहने पावसाळ्यातही तितकीच धावतात आणि वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखाने बाराही महिने चालू असतात. असे असताना त्याच शहराची हवा चार महिन्यांत इतकी कशी बदलते?

दुसरी शंका अशी की, दिल्लीच्या हवेची चर्चा निघाली की हिमालयाचे कारण सांगितले जाते आणि मुंबईच्या बाबतीत समुद्रावरच्या वाऱ्यांचे. मराठवाड्यात यांपैकी काहीच नाही. आपले पठार उघडे आहे आणि वारा मोकळा आहे, अशीच आपली समजूत असते. तरीही २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवेची मानके न गाठलेल्या शहरांच्या, यादीत संभाजीनगर, जालना आणि लातूर ही मराठवाड्यातील तीन शहरे आहेत. हे सारे भूगोलामुळेच घडत असेल, तर महानगरपालिकेकडे किंवा कारखान्यांकडे काही मागण्यात अर्थ आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

निवृत्त भूगोल शिक्षक (छत्रपती संभाजीनगर)

शहरात रोज किती धूर आणि धूळ निर्माण होते, हा हिशेबाचा अर्धा भाग झाला. तो धूर आणि ती धूळ किती हवेत मिसळते, हा उरलेला अर्धा भाग, आणि ऋतूप्रमाणे सर्वाधिक बदलतो तो हाच.

एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी जमीन तापते, तिला लागून असलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि वरची हवा खाली येते. ही घुसळण आपल्या पठारावर जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचू शकते, म्हणजेच शहराचा धूर तेवढ्या उंचीच्या हवेत विरून जातो. डिसेंबरच्या रात्री याच्या उलट घडते. आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते, समुद्र शेकडो किलोमीटर दूर असतो, त्यामुळे जमिनीने दिवसभरात घेतलेली उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. दुपारी २८-३० अंश असलेले तापमान पहाटे १०-१२ अंशांवर येते, ते यामुळेच. एरवी उंचीबरोबर हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते; परंतु अशा पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची हवा उबदार, अशी उलटी स्थिती होते. तिला तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा जड असल्यामुळे ती वर जाऊ शकत नाही आणि धूर मिसळण्यासाठी कधी कधी शंभर-दोनशे मीटरचाच थर उरतो. धूर तेवढाच राहिला आणि त्याला मिळणारी हवा दहाव्या हिश्शापेक्षाही कमी झाली, तर आकडा कोठे जाईल हे सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या शहराची जागा पाहावी. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरपेक्षा थोड्या अधिक उंचीवर, उत्तरेला लेण्यांचे डोंगर, दक्षिणेला शहरालगतच्या सातारा परिसराचे डोंगर आणि त्यांच्यामध्ये खाम व सुखना या नद्यांचे खोरे, अशी तिची रचना आहे. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे आपले शहर, वसवली आणि उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे पाणी केवळ उताराच्या बळावर नहरींतून गावात आणले. रात्री डोंगरउतारावर थंड झालेली हवा नेमकी त्या पाण्यासारखीच वागते: त्याच उताराने ती सावकाश खाली उतरते आणि सखल वस्त्यांमध्ये साचते. ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी डिसेंबरमध्ये सूर्योदयाच्या वेळी गोगाबाबा टेकडीवर जावे. शहरावर धुरक्याचा करडा थर पसरलेला असतो आणि त्याच्या वर आकाश स्वच्छ निळे असते. विपरीततेचा थर कोठे सुरू होतो, हे त्या रेषेवरून कळते.

पावसाळ्यात दोन गोष्टी एकत्र घडतात. नैर्ऋत्य मोसमी वारा जोराने वाहत असल्यामुळे धूर साचत नाही, आणि पावसामुळे जमीन ओली राहून धूळ उडत नाही. पावसाने हवा ‘धुतली’ जाते हे खरे आहे. परंतु थेंबांबरोबर जाड धूलिकण जितक्या सहज खाली येतात, तितके धुराचे अतिसूक्ष्म कण येत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यातील स्वच्छतेचे बरेचसे श्रेय वाऱ्याला आणि ओल्या मातीला द्यावे लागते. सह्याद्रीने बहुतेक पाऊस अडवून धरल्यावर मराठवाड्याच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो, आणि तोही मध्ये मोठे खंड पडून. ज्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची उघडीप असते, त्या वर्षी पावसाळ्यातच धूळ सुरू होते.

ऑक्टोबरच्या पूर्वार्धात मोसमी वारे परततात, वाऱ्याचा वेग मंदावतो आणि त्याची दिशा पश्चिमेकडून पूर्व-ईशान्येकडे फिरते. याचा शहराच्या नकाशावर होणारा परिणाम ध्यानात घ्यावा. वाळूज शहराच्या पश्चिमेला व नैर्ऋत्येला आहे. पावसाळ्यात तिकडची हवा शहरावर येते खरी, पण वेगाने येते आणि वेगाने निघून जाते. चिकलठाणा आणि शेंद्रा पूर्वेला आहेत. हिवाळ्यात तिकडून येणारा वारा मंद असतो.

दिल्लीशी तुलना करताना एक फरक विसरू नये. २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो, दिल्लीत तो सुमारे ३८ अंशांवरच राहतो. आपले हिवाळी ऊन प्रखर असल्यामुळे पहाटेचा थर बहुधा दहा-अकरा वाजेपर्यंत मोडतो. दिल्लीत दाट धुक्याच्या काळात तो अनेक दिवस पुरता मोडत नाही. निसर्गाने आपल्याला दिलेली ही मोठी सवलत आहे.

स्थापत्य अभियंता (लातूर)

शिक्षक महोदयांचे विवेचन मी काळजीपूर्वक वाचले आणि विपरीततेविषयीचा भाग मला पूर्णपणे मान्य आहे. डोंगरांच्या खोलगट भागावर त्यांनी जो भर दिला आहे, त्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. लातूर कोणत्याही खोऱ्यात दडलेले नाही. ते बालाघाटच्या उघड्या पठारावर आहे, आणि तरीही त्याच यादीत आहे. विपरीतता सपाट जमिनीवरही होते. डोंगर तिला अधिक घट्ट करतात, एवढेच. मराठवाड्यातील शहरांना जोडणारा समान दुवा मला मातीत दिसतो.

आपली काळी माती भिजली की चिकट होते आणि वाळली की तिचा फुफाटा होतो. रस्त्याचा मधला पट्टा डांबरी किंवा काँक्रीटचा असतो, पण दोन्ही कडा मातीच्या राहतात. प्रत्येक वाहन थोडे खाली उतरते, माती वर आणते, आणि पुढचे प्रत्येक वाहन ती पुन्हा उडवते. यात जलवाहिन्या आणि भुयारी गटारांसाठी खोदून मुरमाने बुजवलेले रस्ते मिळवावेत, शहराबाहेरचे खडी क्रशर मिळवावेत आणि ताडपत्रीविना धावणारे वाळूचे टिप्पर मिळवावेत. पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांसाठी, आपल्या देशाचे वार्षिक मानक दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. ते ओलांडण्यासाठी मराठवाड्यात धुरांडी लागत नाहीत, कोरडे रस्ते पुरेसे होतात.

येथे भूगोल आणखी एका वाटेने आडवा येतो, आणि त्याचा विचार वरून आलेल्या योजनांमध्ये फारसा होत नाही. धूळ दाबण्यासाठी टँकरने पाणी शिंपडावे, असे सर्वत्र सुचवले जाते. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या शहराने मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यांवर कोणते पाणी शिंपडावे? सांडपाणी प्रक्रिया करून वापरता येईल, आणि ते करायलाच हवे. पण आपल्यासारख्या प्रदेशात धुळीचा खरा उपाय ती उडूच न देणे हा आहे. रस्त्याच्या कडा फरसबंद करणे, खोदलेला रस्ता ठराविक दिवसांत पक्का करण्याची अट कंत्राटात घालणे, दुभाजकातील माती कठड्यापेक्षा खाली ठेवणे ही कामे स्वस्त आहेत आणि टिकणारी आहेत.

झाडलोटीविषयीही लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्या बहुतेक शहरांत सफाई कामगार पहाटे पाच-सहाच्या सुमारास कोरड्या खराट्याने रस्ते झाडतात आणि पालापाचोळ्याचे ढीग अनेकदा तेथेच पेटवले जातात. ज्या वेळी हवेचा थर सर्वांत उथळ असतो, नेमक्या त्याच वेळी आपण धूळ उडवतो आणि धूर करतो. हिवाळ्याच्या चार महिन्यांत हे काम यंत्राने, किंवा तापमान चढल्यानंतर करून घेतले, तर नागरिकांआधी त्या कामगारांची फुप्फुसे वाचतील. त्यांच्या आरोग्याची चौकशी कोणीच करत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पोलाद उद्योगात काम करणारे सदस्य (जालना)

जालन्याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. येथे भंगार वितळवून त्याच्या सळया तयार करणारे अनेक कारखाने आहेत. इंडक्शन भट्टी विजेवर चालते, त्यामुळे तिच्यातून धूर निघत नसावा असे बाहेरच्या लोकांना वाटते. पण भट्टीत भंगार टाकताना त्यावरचा रंग, तेल आणि गंज जळतो, आणि तो धूर चिमणीपर्यंत न जाता शेडच्या छतातूनच बाहेर पडतो. भट्टीच्या तोंडाशी ओढून घेणारे हूड नीट बसवले असले आणि त्यामागची गाळणयंत्रणा चालू असली, तर हा धूर बराच अडतो. यंत्रणा बसवलेली असणे आणि ती चालू असणे यांत मात्र अंतर असते, हे या क्षेत्रातील प्रत्येक जण जाणतो.

प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. औद्योगिक वीजदरात अनेक वर्षे रात्री दहा ते पहाटे सहा या वेळेत सवलत होती, त्यामुळे साहजिकच भट्ट्यांचा मोठा भार रात्री घेतला जाई. म्हणजे हवा ज्या वेळी सर्वांत कमी धूर सामावून घेऊ शकते, त्याच वेळी सर्वाधिक धूर निघे. त्यामागे कोणाचा वाईट हेतू नव्हता. वीजदर ठरवताना हवेचा विचार करण्याची पद्धतच नव्हती. अलीकडे सौरविजेच्या उपलब्धतेमुळे दिवसाच्या तासांना सवलत देण्याकडे धोरण वळू लागले आहे, आणि तसे झाल्यास तेवढाच धूर दुपारच्या खोल थरात मिसळेल. निव्वळ वेळ बदलल्याने धुराचे प्रमाण घटणार नाही, पण जमिनीवरच्या माणसाच्या श्वासात जाणारे प्रमाण नक्की घटेल.

उंच चिमण्यांविषयी एक गैरसमज दूर व्हावा. रात्री उंच चिमणीचा धूर थंड थराच्या वर किंवा त्याच्या वरच्या भागात आडवा पसरतो आणि खाली येत नाही, हे खरे आहे. परंतु सकाळी ऊन चढले की जमिनीकडून थर तापू लागतो, घुसळण त्या धुरापर्यंत पोहोचते आणि रात्रभर वर साठलेला धूर अर्ध्या-एक तासात खाली उतरतो. हिवाळ्यात साडेआठ ते दहाच्या दरम्यान, मुले शाळेत जाण्याच्या आणि रस्त्यावर गर्दी असण्याच्या वेळेतच, हे घडते.

शेतकरी (परभणी जिल्हा)

शहरांच्या चर्चेत गावाकडचा धूर येतोच, म्हणून आमची बाजू मांडतो. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी असते आणि मळणीयंत्राजवळ भुसकटाचा लोट उठतो. नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, ऊस गेलेल्या फडांत पाचट पेटवले जाते, वीटभट्ट्या लागतात, आणि जानेवारीपासून कपाशीच्या पऱ्हाट्या व तुरीच्या तुराट्या जाळल्या जातात. परभणीचा गारठा मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. किमान तापमान दहा अंशांखाली जाणे येथे नवीन नाही. अशा थंडीत शेकोट्या आणि अंघोळीच्या पाण्याचे बंबही पेटतात. हे सारे हवा स्थिर असतानाच होते, कारण पिकांचे वेळापत्रक ऋतूच ठरवतो.

पऱ्हाट्या जाळण्यामागे केवळ निष्काळजीपणा नाही. कपाशीची फरदड (हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे राखणे) घेऊ नये आणि गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तोडण्यासाठी पऱ्हाट्या शेतातून वेळेत काढून टाकाव्यात, हा कृषी विद्यापीठांचाच सल्ला आहे. काढलेल्या पऱ्हाट्यांचे करायचे काय, हा प्रश्न आमच्यावर उरतो. पूर्वी त्या चुलीत जात. आता बांधावर पडून राहतात. कुट्टी करणारे यंत्र भाड्याने वेळेवर मिळाले, किंवा पऱ्हाट्यांचे ठोकळे करणारा खरेदीदार तालुक्यात असला, तर कोणीही काडी लावणार नाही. उसाचे पाचट जागेवरच कुजवल्याने जमिनीची ओल टिकते, हे अनेकांनी अनुभवले आहे, आणि आमच्या भागात ते हळूहळू रुजत आहे. दंडाच्या नोटिशीने हे काम होणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एक व्यावहारिक शंका राहिली आहे. वडील वर्षानुवर्षे पहाटे साडेपाचला फिरायला जातात, कारण त्या वेळी हवा शुद्ध असते असेच आपल्याला लहानपणापासून सांगितले गेले आहे. मोबाइलवरील अॅपमध्ये त्या वेळी दिसणारा आकडाही फारसा वाईट नसतो. त्यांना काय सांगावे?

श्वसनविकार तज्ज्ञ (नांदेड)

प्रथम अॅपमधील आकड्याविषयी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निर्देशांक धूलिकणांसाठी मागील २४ तासांच्या सरासरीवर काढला जातो. त्यामुळे पहाटे साडेपाचला जो आकडा दिसतो, त्यात आदल्या दिवसाची स्वच्छ दुपारही मिसळलेली असते आणि पहाटेची वाढ त्यात झाकली जाते. वडिलांसाठी उपयोगी पडतील ते तासागणिक मिळणारे पीएम २.५ चे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे, आकडे. दुसरे असे की, निर्देशांक १०० म्हणजे पीएम २.५ चे २४ तासांचे प्रमाण ६० मायक्रोग्रॅम, आणि तेथपर्यंत श्रेणी ‘समाधानकारक’ असते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस त्याच कालावधीसाठी १५ मायक्रोग्रॅमची आहे. दम्याच्या रुग्णाने ‘समाधानकारक’ हा शब्द वाचून औषध टाळू नये.

केंद्र कोठे आहे, हेही पाहावे. वाळूजमधील मोरे चौकातील केंद्राचा आकडा त्या चौकाचा आणि त्याच्या परिसराचा आहे. सिडकोतील पहाट त्यावरून अचूक कळेलच असे नाही. अनेक जण घरी स्वस्त संवेदक बसवतात. ते प्रकाशाच्या विखुरण्यावर चालत असल्यामुळे दमट हवेत पाणी धरून फुगलेले कणही मोजतात आणि धुक्यात आकडा फुगवून दाखवतात. आमच्याकडे गोदावरीकाठच्या वस्त्यांत हिवाळ्याच्या सकाळी असे नेहमी घडते. त्या साधनांचा उपयोग दोन वेळांची तुलना करण्यापुरता करावा.

फिरण्याच्या वेळेबाबत माझा सल्ला ऋतूनुसार बदलतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दम्याच्या, हृदयविकाराच्या आणि वृद्ध रुग्णांनी पहाटे बाहेर पडू नये. थर मोडल्यानंतर, म्हणजे सकाळी अकरानंतर किंवा दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान फिरावे. सूर्यास्तानंतर थर पुन्हा जमू लागतो आणि संध्याकाळची वाहतूकही वाढते. थंड, कोरडी हवा स्वतःच श्वासनलिका आकुंचित करते, त्यामुळे पहाटेचा दम्याचा झटका नेहमी प्रदूषणामुळेच आला असे मानू नये. मात्र दोन्ही कारणे एकाच वेळी एकत्र येतात, म्हणून ती वेळ टाळणे हेच श्रेयस्कर. मार्च ते मे या काळात सल्ला उलटा होतो. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय पदार्थ यांच्यावर प्रखर उन्हाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि त्याचे प्रमाण दुपारी सर्वाधिक असते. शिवाय वावटळी आणि गरम वारे याच वेळी धूळ उडवतात. उन्हाळ्यात वडिलांची पहाटेची सवय योग्यच आहे. पावसाळ्यात वेळेचे बंधन नाही, पण घराच्या भिंतींना ओल येऊन बुरशी धरली असेल, तर बाहेरच्या स्वच्छ हवेचा फारसा लाभ होत नाही. त्याकडे अवश्य लक्ष द्यावे.

महानगरपालिकेकडे काय मागावे, हे आपण पहिल्याच प्रश्नात विचारले होते. माझ्या मते सिडको, जुने शहर आणि चिकलठाणा या भागांतील तासागणिक आकडे आणि हवामान विभागाच्या किमान तापमान व वाऱ्याच्या अंदाजावर आधारित पूर्वसूचना मागावी. दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पडणार आहे आणि पारा घसरणार आहे, हे आदल्या दुपारीच कळू शकते. ते कळले, तर त्या दिवशी शाळेची प्रार्थना मैदानाऐवजी वर्गात घेता येते, कचरा जाळण्यावर त्या रात्री विशेष पथक ठेवता येते, आणि माझ्यासारख्या डॉक्टरला रुग्णांना ‘उद्या इनहेलर जवळ ठेवा’ असा निरोप वेळेत पाठवता येतो.